पत्रा भंगारात, रबर घरात

दसरा-दिवाळी जवळ आली की धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, कुठल्याही बाजारपेठेत भांड्यांच्या दुकानाबाहेर एक फलक हमखास लटकतो: जुनी शेगडी आणा, नवी घेऊन जा. फलक लावणं हा दुकानदाराचा धंदा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती फलकासोबत फुकट मिळणाऱ्या उपदेशाबद्दल. ‘जुन्या शेगडीचा काय भरवसा? घरात बॉम्ब ठेवल्यासारखंच आहे ते,’ असं गल्ल्यावरचा माणूस सांगतो. मग तेच वाक्य भिशीत ऐकू येतं, हळदी-कुंकवात ऐकू येतं, आणि शेवटी पुण्याहून सुट्टीला आलेला मुलगा ते आईला ऐकवतो. वापरलेली शेगडी विकत घेणारा चिकट, ती दुरुस्त करून घेणारा जिवावर उदार आणि घासूनपुसून पुन्हा ओट्यावर मांडणारी बाई अडाणी, असा निकाल परस्पर लागून गेलेला आहे.

हा निकाल चुकीचा आहे, आणि त्याने नुकसान होतं ते निव्वळ पैशाचं नाही. खरा धोका जिथे आहे तिथून तो माणसांची नजर हटवतो.

शेगडीत असतं तरी काय? पत्र्याचं किंवा स्टीलचं अंग, आत गॅसची एक नळी, नळीवर कॉक, कॉकच्या तोंडाशी सुईच्या टोकाएवढ्या भोकाचा पितळी जेट, त्याच्यापुढे हवा आणि गॅस मिसळणारी नळी, वर बर्नर आणि बर्नरवर भांडं पेलणारी जाळी. यातला एकही भाग गॅस साठवत नाही. दाब असतो तो सिलेंडरमध्ये. रेग्युलेटर तो उतरवून साधारण तीस मिलिबारवर आणतो. म्हणजे फूटभर उंच पाण्याच्या नळीच्या तळाशी जेवढा दाब असतो तेवढा. शेगडी बंद असेल तर तिच्या पोटात घोटभर गॅस असतो. ती फुटून घर उडालं, असं होऊच शकत नाही. घरं उडतात ती गळलेला गॅस खोलीत साचल्यामुळे. हा गॅस हवेपेक्षा जड. तो जमिनीलगत पसरतो, ओट्याखाली, पलंगाखाली, दाराच्या उंबऱ्याशी थबकतो आणि कुणीतरी दिव्याचं बटण दाबण्याची वाट बघतो. आणि तो गळतो कुठून? बहुतेक वेळा रबरी नळीतून, तिच्या दोन्ही टोकांच्या जोडातून, रेग्युलेटरच्या बुडातून, सिलेंडरच्या तोंडाशी बसवलेल्या बोटाएवढ्या वॉशरमधून.

आता बाजारातून नवी शेगडी घेऊन आलेल्या घरात डोकावा. चकचकीत काचेची शेगडी ओट्यावर बसते. नारळ फुटतो, कुंकू लागतं. मग जुन्या शेगडीची नळी ओढून काढली जाते. तिचं टोक उन्हातान्हाने आणि आचेने चामड्यासारखं कडक झालेलं असतं, नव्या नोझलवर चढत नाही. घरातला कर्ता पुरुष ब्लेड घेतो, ते टोक दोन बोटं छाटतो, उरलेलं टोक गरम पाण्यात बुडवतो, साबण चोळतो आणि दात-ओठ खाऊन ते नोझलवर रेटतो. ‘बसली!’ म्हणतो. नळीवर छापलेली तारीख त्या घरात कुणी वाचलेली नसते. म्हणजे जो पत्रा आणखी पंधरा वर्षं चालला असता तो भंगारात गेला, आणि ज्या रबराची मुदत कधीच संपली ते नव्या शेगडीच्या गळ्यात पडलं. बॉम्बची गोष्ट करणाऱ्या दुकानदाराने हे विचारलं का, की नळी किती सालची आहे? मी तरी विचारलेलं ऐकलं नाही.

केशरी रंगाची सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. तिच्या आत तारेची जाळी असते, बाहेर मानकाची खूण आणि साल छापलेलं असतं. दीड मीटरपेक्षा लांब ती घेऊ नये, भिंतीतून आरपार नेऊ नये, तिच्यावर कापडी खोळ चढवू नये. खोळीखाली पडलेली भेग दिसत नाही. किंमत म्हणाल तर दोनशे रुपयांच्या आसपास. रेग्युलेटर तर मुळात आपला नसतोच. तो कंपनीचा, अनामत घेऊन दिलेला; बिघडला तर एजन्सीत जाऊन बदलून घ्यायचा असतो. म्हणजे जीव वाचवणाऱ्या गोष्टी सगळ्यात स्वस्त आहेत आणि सगळ्यात दुर्लक्षित आहेत. अडीच-तीन हजारांची नवी शेगडी घेतल्याने यातलं काहीही आपोआप बदलत नाही.

धाराशिव जिल्ह्यात हा वाद नुसता चवीचा नाही. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलियात उज्ज्वला योजना सुरू झाली. पुढच्या दोन-तीन वर्षांत भूम, परंडा, वाशी, लोहारा अशा तालुक्यांतल्या, चुलीच्या धुराने डोळे चुरचुरण्यात आयुष्य गेलेल्या बायकांच्या हाती पहिल्यांदा सिलेंडर आला. सरकारने जोडणीमागे सोळाशे रुपये दिले, त्यात अनामत, रेग्युलेटर, नळी हे सगळं आलं. शेगडी मात्र अनेकींनी कंपनीच्या कर्जावर घेतली आणि सिलेंडरच्या अनुदानातून फेडली. त्या शेगड्यांचं वय आता आठ-नऊ वर्षांचं. पावसाच्या भरवशावर शेती असलेल्या, साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की ऊसतोडीला बाहेर पडणाऱ्या घराला तुम्ही ‘ती फेका, नवी घ्या’ सांगता तेव्हा ते घर नवी घेत नाही. ते पुन्हा चूल पेटवतं. सिलेंडर कोपऱ्यात, त्यावर दुरड्या. भीती घालून विकायला निघालेल्यांना हे घर दिसत नाही, कारण ते गिऱ्हाईकच नव्हे.

‘नवी शेगडी गॅस वाचवते,’ हा दुसरा मुद्दा. तो ऐकून घेण्यासारखा आहे. भारतीय मानकानुसार घरगुती शेगडीची उष्णता-कार्यक्षमता निदान अडुसष्ट टक्के हवी, आणि काही नव्या शेगड्या त्याहून बऱ्याच सरस आहेत. पण जुनी गॅस जास्त का खाते, हेही बघा. बर्नरची अर्धी भोकं उतू गेलेल्या दुधाने बुजलेली असतात. जाळीचा एक पाय वाकलेला असतो, म्हणून पातेलं आचेपासून लांब किंवा तिरकं बसतं. मिश्रणनळीत तेलकट काजळी साचते, हवा कमी पडते, ज्योत निळी सोडून पिवळी होते, आणि पातेल्याचं बूड काळं पडतं. ही काजळी म्हणजे न जळलेलं इंधन, तुमच्या पैशाचं. हे सगळं घासून, उकळून, सरळ करून परत मिळतं. बर्नरवरची टोपी आचेने वाकडी झाली असेल, कडेला चीर गेली असेल तर ती घासून सुधारत नाही, कबूल. पण मग टोपी बदला! पितळी टोप्या सुट्या मिळतात. चाक पंक्चर झालं म्हणून कुणी सायकल विकत नाही.

नव्याबद्दल एवढा पुळका आहे तर नव्याचीही झडती घेऊ. आज विकल्या जाणाऱ्या स्वस्त शेगड्यांचा बर्नर हातात घेऊन बघा आणि मग आजीच्या शेगडीचा घ्या. वजनातच कळेल. स्वस्तातल्या अनेक बर्नरचं अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं, वरची टोपी तेवढी पितळेची. काचेचा माथा दिसायला देखणा, पुसायला सोपा. पण पुरणाचं मोठं पातेलं कडेपर्यंत आलं, आच खाली दबली, वरून गार पाण्याचा शिपका पडला, की ती कडक काच तडकल्याच्या घटना घडतात. जुन्या स्टीलच्या माथ्याला पोचा पडतो, तो तडकत नाही. मी काचेच्या शेगडीविरुद्ध नाही. ‘नवी’ आणि ‘निर्धोक’ हे दोन शब्द एका दमात उच्चारायला माझा विरोध आहे.

इथवर वाचून आमच्या काटकसरी मंडळींच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं असेल. त्यांनी ते आवरावं. त्यांच्याशीही भांडण आहेच. जुनी शेगडी जपणाऱ्यांपैकी निम्मे लोक तिला दुरुस्तीच्या नावाखाली बिघडवतात. याचं मूळ रॉकेलच्या स्टोव्हमध्ये आहे. हवा भरायचा पितळी स्टोव्ह ज्यांनी वापरला त्यांच्या हाताला पिन मारायची सवय लागली: पत्र्याच्या पट्टीला बसवलेली बारीक तार, ज्योत फरफरली की मारा पिन. गॅस आला, स्टोव्ह माळ्यावर गेला, सवय राहिली. गॅसच्या जेटचं भोक मोजून पाडलेलं असतं, मिलिमीटरच्या अंशात. त्यात शिवणाची सुई, सेफ्टी पिन, छत्रीची तार घातली की भोक रुंद होतं, गॅस जास्त येतो, हवा तेवढीच राहते, ज्योत पिवळी. मग ‘अजून कचरा दिसतोय’ म्हणून पुन्हा सुई. जेट पान्याने काढावा, रात्रभर रॉकेलमध्ये टाकावा, फुंकून बघावा, उजेडासमोर धरावा. भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर पाच-पन्नास रुपयांत नवा जेट बसवावा. पण तो त्याच आकाराचा, त्याच शेगडीचा, आणि एलपीजीचाच.

सोड्याचंही तेच. कपडे धुण्याचा सोडा उकळत्या पाण्यात टाकून त्यात सगळा बर्नर बुडवायचा हा घरोघरचा उपाय. पितळेला तो चालतो; ॲल्युमिनियमचं अंग त्यात काळंठिक्कर पडतं आणि झिजतं. म्हणून टोपी वेगळी करा, अंग वेगळं. अंगाला कोमट पाणी, भांड्याचा साबण आणि जुना दात घासायचा ब्रश एवढंच पुरतं. टोपीला आपली चिंच आणि मीठ आहेच. आपल्याकडे बोअरचं पाणी जड. चहाचं, डाळीचं पाणी उतू गेलं की मागे पांढरा खरखरीत थर राहतो, तो साबणाला दाद देत नाही. त्याला लिंबू किंवा व्हिनेगर लागतं, दहा मिनिटं. मग धुवा आणि उन्हात पालथं घाला. ओला बर्नर बसवला की ज्योत तडतडते आणि लोक म्हणतात, बघा, जुनीच ती!

कॉक मात्र घरी उघडू नका. तो कडक झाला म्हणून त्यात खोबरेल तेल सोडणारे, गाडीचं ग्रीस भरणारे मी पाहिले आहेत. आचेजवळ ते तेल चिकट होऊन बसतं, ग्रीस पातळ होऊन जेटमध्ये उतरतं. कॉकसाठी आच सोसणारं वेगळं ग्रीस असतं, आणि ते लावून झाल्यावर गळती तपासायची असते. तपासायची म्हणजे साबणाच्या फेसाने. नळी जोडा, रेग्युलेटर चालू, शेगडीचे कॉक बंद, आणि दाढीच्या ब्रशने प्रत्येक जोडावर फेस लावा. बुडबुडा फुगला तर गळती. काडी पेटवून गळती शोधणारे वीर अजून आहेत. त्यांच्यापुढे युक्तिवाद चालत नाही. एवढंच सांगतो, की गॅसचा वास आला तर १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, आणि फोन घराबाहेर येऊन करायचा असतो.

या जिल्ह्यात वापरलेल्या शेगडीचा आणखी एक संसार आहे, तो यात्रेतला. चैत्र पौर्णिमेला येरमाळ्याला येडेश्वरीच्या यात्रेला, आश्विनात तुळजापूरला, पौषात नळदुर्गला खंडोबाला जाणारी कुटुंबं टेंपोत बिछाने टाकतात, पिठाचा डबा टाकतात आणि एकाच बर्नरची जुनी शेगडी टाकतात. तीन दगडांची चूल मागे पडत चालली, कारण जळण गोळा करायला आता ना कुणाचं रान मोकळं, ना कुणाला वेळ. शेगडी वर्षातले अकरा महिने माळ्यावर पडून असते. तिच्या मिश्रणनळीत कोळी घर करतो, कधी कुंभारमाशी मातीचं घरटं थापते. बाहेरून काही दिसत नाही. पेटवली की गॅस पुढे न जाता हवेच्या फटीतून मागे येतो आणि बर्नरऐवजी शेगडीच्या पोटात ज्योत दिसते. अशा वेळी ‘जुनी म्हणून भडकली’ असं ओरडणं सोपं असतं. माळ्यावरून काढल्यावर नळीत बाटली धुवायचा ब्रश फिरवला असता तर ती भडकली नसती. माळ्यावर ठेवण्याआधी तोंडाला कापड बांधलं असतं तरी पुरलं असतं.

बालाघाटाच्या माथ्यावर वारा असतो, पवनचक्क्या काही उगीच उभ्या राहिल्या नाहीत. यात्रेत ज्योत विझू नये म्हणून शेगडीभोवती पत्रे लावतात. लावा, पण त्या आडोशात सिलेंडर घेऊ नका. वारा अडवणारा पत्रा आच परतवतोही, आणि ती सिलेंडरवर. सिलेंडर सावलीत, उभा, शेगडीपासून नळी पुरेल तेवढा लांब.

अलीकडे शेतावरच्या पार्ट्यांत आणखी एक पाहुणा दिसू लागला आहे, गॅसवर चालणारी सुवाह्य ग्रिल. पुण्या-हैदराबादेत नोकरी करणारी मुलं घर बदलताना ती गावाकडे धाडतात, किंवा निम्म्या किमतीत कुणाची तरी उचलतात. ज्या जिल्ह्याच्या जुन्या नावाची उस्मानाबादी शेळी देशभर ओळखली जाते तिथे ही वस्तू रुजली तर नवल नाही. (हुरडा मात्र आगटीतच. गॅसवर भाजलेल्या कणसाला हुरडा म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही, उठून जातो.) वापरलेल्या ग्रिलबद्दलही तोच आरडाओरडा: कुणाचं तरी उष्टं, गंजलेलं, घाणेरडं. गंज पॉलिश पेपरने जातो. जाळीवरचा जुना थर आच देऊन, पत्र्याच्या उलथन्याने खरवडून, अर्ध्या कांद्याने घासून आणि शेवटी तेलाचा हात फिरवून जातो. तारेचा ब्रश नको. त्याच्या काड्या तुटून जाळीत अडकतात आणि तिथून घशात जाऊ शकतात. नारळाचा काथ्या घ्या. ग्रिलमध्ये खरी भीती चरबीची. तळाच्या ताटलीत मागच्या पाच पार्ट्यांची चरबी थिजलेली असते, ती पेटली की ज्योत हातभर उठते, आणि वर पाणी ओतलं की चौफेर उडते. ताटली खरवडून रिकामी करा, बर्नरच्या नळीची भोकं मोकळी करा, इतकंच. मूळ जाळी मोडली म्हणून कुंपणाची, खुराड्याची जस्त चढवलेली जाळी मात्र कापून बसवू नका. तापल्यावर त्या जस्ताचा धूर अंगाला बरा नाही.

आता माझ्या बाजूने जे सोडून द्यायचं तेही सांगतो, नाहीतर माझाही उपदेश त्या फलकासारखाच होईल. वर बर्नर खोचलेला, बिनखुणेचा छोटा सिलेंडर, जो गल्लीत घरगुती सिलेंडरमधून उलटा धरून भरून मिळतो, तो कितीही घासा, तो सुधारत नाही. ते भरणं बेकायदा आहे आणि त्या टाकीची कुणी कधी चाचणी केलेली नसते. कंपनीच्या सिलेंडरच्या गळ्यावरच्या पट्टीवर ए, बी, सी, डी आणि सालाचा आकडा असतो. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, याच क्रमाने. त्या तिमाहीत त्याची पुन्हा चाचणी व्हायची असते. बिनखुणेच्या टाकीवर असं काही नसतं. पाच किलोचा अधिकृत छोटा सिलेंडर मिळतो, यात्रेला तो न्या. छोट्या कॅनवर चालणारी परदेशी ग्रिल जुगाड करून मोठ्या सिलेंडरला जोडणं, हेही सोडा. आणि शेगडीच्या आतली गॅसची नळीच गंजून पापुद्रे सुटत असतील, तर त्या शेगडीला नमस्कार करा. तिथे मी दुकानदाराच्या बाजूने आहे.

राहता राहिला कारागीर. ‘आता दुरुस्ती करणारे राहिलेत कुठे,’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा जिल्ह्यातल्या कुठल्याही आठवडी बाजाराची कड धरून चालावं. गोणपाटावर टोप्या, जेट, जाळ्या मांडून बसलेला माणूस सापडेल. तो तुमची टोपी हातात घेतो, उन्हाकडे धरतो, डोळा बारीक करतो आणि सांगतो: ही चार भोकं बुजली, ही दोन खाल्ली, टोपी बदला, अंग चांगलं आहे. आठ-नऊ वर्षांपूर्वी आलेल्या त्या सगळ्या शेगड्यांना आता याच माणसाची गरज आहे. गॅस एजन्सीने त्याला दोन दिवस बोलावून गळतीची चाचणी शिकवली, ओळखपत्र दिलं, तर नव्या शेगडीवरच्या सवलतीपेक्षा जास्त घरं सुरक्षित होतील. आयटीआय तालुक्या-तालुक्याला आहेत. तिथे मोटार बांधायला शिकवतात, शेगडी का नको?

आणि फलक लावणाऱ्या दुकानदाराला एकच प्रश्न. बदल्यात घेतलेल्या त्या जुन्या शेगड्या बॉम्ब असतील तर तुम्ही त्या गोदामात थप्पी लावून कशा ठेवता? तिथून भंगारवाल्याकडे जातात, त्यातल्या बऱ्या निघालेल्या पॉलिश होऊन बाजारात परत येतात, हे गोणपाटावरचा कारागीर तुमच्यापेक्षा मोकळेपणाने सांगतो. म्हणजे जुनी शेगडी चालते, हे तुम्हालाही ठाऊक आहे. मग पुढच्या दिवाळीला फलक खुशाल लावा, पण बिलावर शेगडीच्या किमतीखाली एक ओळ वाढवा: गिऱ्हाइकाच्या घरची नळी किती सालची, विचारून लिहा.